लाकडी बूच आणि लाल दिवा

वेंगुर्ले तालुक्यातले शिरोडा हे गाव मराठी शिक्षकांच्या दोन कारणांनी ओळखीचे आहे. वि. स. खांडेकर १९२० साली या गावात शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत इथल्या शाळेत शिकवत राहिले. दुसरे कारण मिठागरांचे. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. आम्हाला आज सांगायची आहे ती गोष्ट या दोन्हींपेक्षा खूपच साधी आहे. शिरोड्याहून आजगाव, मळेवाड मार्गे सावंतवाडीला निघालेल्या एका जुन्या मोटारीची ती गोष्ट आहे. गाडी कोणाची, कोणत्या कंपनीची, याला महत्त्व नाही. अशा गाड्या कोकणात अजून पुष्कळ आहेत. मुंबईत नोकरी केलेल्या माणसाने निवृत्त होताना गावी आणलेली, चतुर्थीला घाटांतून अनेकदा आलेली-गेलेली, घरातल्या माणसासारखी झालेली गाडी.

या गाडीच्या समोरच्या फळीवर तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला एक लाल दिवा असतो. इंजिनातल्या तेलाचा दाब कमी झाला की तो लागतो. आमच्या गाडीतला दिवा मात्र कधी लागतो, कधी विझतो. मेस्त्रीकडे नेली की हमखास विझलेला असतो. "गाडी तापली काय दिवो पेटता, नायतर नाय," असे मालक सांगतो. मेस्त्री दोन-चार वेळा ॲक्सिलरेटर दाबून पाहतो आणि मान हलवतो. यापुढे दोन वाटा फुटतात. एक, "दिवाच खराब आहे" म्हणून तशीच गाडी चालवायची. दुसरी, "बेअरिंग गेले" म्हणून सबंध इंजिन खोलायचे. पहिल्या वाटेने गेले आणि दिवा खरे बोलत असला, तर इंजिन काही मिनिटांत जाम होते. दुसऱ्या वाटेने गेले आणि दोष नुसत्या वायरीत असला, तर भाड्याने गाडी चालवून पोट भरणाऱ्या माणसाची कित्येक महिन्यांची कमाई उगाच जाते.

मग खरे काय ते कसे ओळखावे? याचे उत्तर शोधताना आम्हाला थेट १८८३ सालापर्यंत मागे जावे लागले. तेलाच्या दाबाविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्याची सुरुवातच एका बिघाडातून झाली होती.

वंगण नेमके काय करते?

वंगण हा शब्द आपल्याकडे बैलगाडीबरोबर आला. लाकडी आखावर चाक फिरते, ते कुरकुरू लागले की तेल घालायचे, एवढे ज्ञान हजारो वर्षे पुरेसे होते. तेलाने पृष्ठभाग बुळबुळीत होतात आणि घर्षण कमी होते, अशीच समजूत होती. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती. आगगाड्या आल्यावर तिचा अपुरेपणा जाणवू लागला. डब्याचा सारा भार आसाच्या टोकांवर, म्हणजे बेअरिंगांवर येतो. मराठी परिभाषेत बेअरिंगला धारवा असा शब्द आहे. ही बेअरिंगे तापत, कधी वितळतही. कोणते तेल, किती आणि कुठून द्यावे याबद्दल प्रत्येकाचे मत निराळे होते.

इंग्लंडमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने या घर्षणाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशँ टॉवर या अभियंत्याकडे दिले. टॉवरची मांडणी सोपी होती. चार इंच व्यासाचा एक आस आडवा फिरत होता. त्याच्या वरच्या बाजूवर पितळी बेअरिंगचा अर्धगोल बसवलेला होता आणि त्यावर भार दिलेला होता. आसाची खालची बाजू तेलात बुडालेली होती, त्यामुळे फिरताना तो स्वतःच तेल वर घेऊन जाई.

प्रयोग चालू असताना टॉवरने पितळी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. वरून तेल सोडण्याचे साधन तिथे बसवायचे होते. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले आणि सगळीकडे सांडू लागले. टॉवरने भोकात बूच बसवले. ते बाहेर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. आता कोणीही वैतागून भोक कायमचे बुजवले असते. टॉवरने तिथे एक दाबमापक जोडला. त्याच्यावर चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंतच्या खुणा होत्या आणि काटा त्या खुणांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरच्या एकूण भाराला त्याच्या क्षेत्रफळाने भागले तर दाब चौरस इंचाला सुमारे १०० पौंडच येत होता.

याचा अर्थ मोठा होता. आस आणि पितळ एकमेकांना टेकलेलेच नव्हते. सारा भार तेलाच्या पातळ थराने उचलून धरला होता. बूच बाहेर फेकणारा दाब कोणत्याही पंपाचा नव्हता. आसाच्या फिरण्यातूनच तो निर्माण झाला होता. त्याच १८८३ साली रशियात निकोलाय पेत्रोव यांनीही स्वतंत्रपणे दाखवले होते की, चांगले वंगण असलेल्या बेअरिंगमधले घर्षण हे धातूंमधले नसून तेलाच्या थरांमधले असते.

टॉवरच्या आकड्यांचा उलगडा १८८६ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी केला. आस बेअरिंगच्या अगदी मधोमध फिरत नाही, किंचित एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद आणि पुढे अरुंद होत जाते. फिरणारा आस तेलाला रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे ओढत नेतो. पाचरीच्या आकाराच्या या जागेत तेल कोंडते आणि त्याचा दाब वाढतो. वेग जास्त असेल किंवा तेल घट्ट असेल तर दाब जास्त निर्माण होतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या ओल्या फरशीवर सपाट तळाची चप्पल सर्रकन घसरते, तेव्हा आपण याच्याच जवळपासच्या परिणामाचा अनुभव घेत असतो.

मग पंप कशासाठी?

इथे वर्गातला चौकस विद्यार्थी विचारील, की फिरण्यातूनच दाब निर्माण होत असेल तर पंप हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या मोटारींत पंप नव्हताच. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या आसपास बनलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत तेलाचा पंप नव्हता आणि दाब दाखवणारा काटाही नव्हता. फिरणारे भाग तेल उडवत आणि ते तेल आपल्या वजनाने वाहत जाई. कमी वेगाच्या इंजिनाला तेवढे पुरे.

पंपाने दाबून तेल देण्याची पद्धत मोटारीच्या आधी वाफेच्या इंजिनात आली. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉर्कम या कारखान्यातील ए. सी. पेन यांनी १८९० साली तिचे पेटंट घेतले. वीज निर्माण करणारे डायनामो फिरवायला वेगवान इंजिने हवी होती आणि वेग वाढला की बेअरिंगमधून तेल झपाट्याने बाहेर पडते. बाहेर पडलेल्या तेलाची भरपाई सतत केली नाही तर पाचरीत कोंडायला तेलच उरत नाही. पंपाचे काम नेमके हेच, तेल पोचते करण्याचे. भार उचलण्याचे काम पंप करीत नाही. चालत्या मोटारीत पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन-चार किलो असतो, तर बेअरिंगमधल्या तेलाच्या थरातला दाब त्याच्या कितीतरी पट, काही शे किलोंपर्यंत जातो.

आपल्याकडच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेल्या दोन गाड्या घेऊ. एक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११००, जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या रस्त्यांवरची तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. दुसरी हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले. दोन्हींची इंजिने पंपाने तेल देणारी. इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये तेल साठते. त्यात बुडलेल्या जाळीतून पंप ते ओढतो, फिल्टरमधून आणि बारीक वाटांतून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत पाठवतो आणि बेअरिंगांच्या फटींतून गळून ते पुन्हा चेंबरमध्ये येते.

आता दाबाचा अर्थ लागतो. कोकणातल्या माडा-पोफळीच्या बागेला विहिरीवरच्या पंपाने पाणी देतात, तसेच हे आहे. पाइपाला ठिकठिकाणी भोके आहेत, त्यांतून पाणी झाडांच्या आळ्यांत जाते. पाइपातला दाब दोन गोष्टींवर ठरतो. पंप किती पाणी ढकलतो आणि भोकांतून किती बाहेर जाते. भोके मोठी झाली की दाब उतरतो. विहिरीचे पाणी मे महिन्यात फूटव्हॉल्व्हच्या खाली गेले की पंप हवा धरतो आणि मग भोके ठीक असूनही दाब उतरतो. लाल दिवा फक्त 'दाब उतरला' एवढेच सांगतो. दोष विहिरीचा की भोकांचा, हे तो सांगत नाही.

भोकांबाबत एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नव्या बेअरिंगमधली फट चार-पाच शतांश मिलिमीटर असते. अशा अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट झिजून दुप्पट झाली तर गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. शिवाय तेल तापले की पातळ होते. सामान्य ४० नंबरचे तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे घट्ट असते, त्याच्या सुमारे एक दशांशच १०० अंशांना उरते. म्हणून जुन्या इंजिनाचा दाब सकाळी भरपूर आणि आंबोलीचा घाट चढून गेल्यावर कमी, यात आश्चर्य नाही.

दिवा केव्हा लागतो?

येणारा-जाणारा दोष पकडायचा तर 'दिवा का लागतो' हा प्रश्न आधी विचारू नये. 'दिवा केव्हा लागतो' हा विचारावा. मालकाने एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात, इंजिन थंड होते की गरम, वेग कमी होता की जास्त, रस्ता सरळ होता की वळणाचा, आणि गाडी नुकतीच सुरू केली होती की बराच वेळ चालली होती. आठवडाभराच्या या नोंदी पुष्कळ काही सांगतात.

खड्ड्यात आदळले की दिवा क्षणभर लुकलुकतो, मग इंजिन थंड असो वा गरम, वेग काहीही असो, तर संशय वायरीवर घ्यावा. दिव्याच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरीचे आवरण झिजून ती इंजिनाला टेकली की दिवा खोटाच लागतो. समुद्रकाठच्या गावांत याच्या उलटा आणि अधिक धोक्याचा दोष संभवतो. खाऱ्या हवेने जोडाची टोके गंजतात, प्रवाह तुटतो आणि दाब खरोखर उतरला तरी दिवा लागतच नाही. म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, लाल दिवा लागतो की नाही हे रोज पाहावे. त्या वेळी तो लागलाच पाहिजे. न लागणारा दिवा ही शुभवार्ता नव्हे.

वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर दिवा लागत असेल तर तेलाची पातळी कमी असण्याचा संभव मोठा. तेल चेंबरच्या एका बाजूला जाते, जाळी उघडी पडते आणि पंप मे महिन्यातल्या विहिरीवरच्या पंपासारखा हवा धरतो. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहिली की याचा निकाल लागतो.

डिपस्टिक पाहताना तेलाचा वासही घ्यावा. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असे आणि त्यात एक पडदा असे. तो फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरते. पातळी घटण्याऐवजी वाढते, तेल पातळ होते आणि दाब उतरतो. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, ही खूण सापडली तर गाडी चालवू नये.

गाडी गरम असताना, सिग्नलला उभी असताना दिवा लागतो आणि थोडा ॲक्सिलरेटर दिला की विझतो, ही झिजेची ओळखीची खूण. भोके मोठी झाली आहेत आणि मंद फिरणारा पंप गळती भरून काढू शकत नाही. पण याच्या उलटही घडते. शहरात सगळे ठीक, हमरस्त्यावर अर्धा तास वेगाने गेल्यावर दिवा लागतो आणि गाडी थोडा वेळ थांबवली की पुन्हा काही नाही. इथे जाळीवर संशय घ्यावा. तेलाचा साका जोराच्या ओढीने जाळीवर जाऊन बसतो, वाट अडते, आणि इंजिन थांबले की तो सैल होऊन खाली पडतो. दोष जणू लपून बसतो. दाब फार वाढू नये म्हणून पंपाजवळ एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्यात कचऱ्याचा कण अडकला तर तो उघडाच राहतो आणि दाब एकाएकी जातो. कण निघाला की दाब परत येतो.

पुन्हा टॉवरकडे

नोंदींतून संशयित ठरले. पण इंजिन खोलण्यापूर्वी एक परीक्षा बाकी आहे आणि ती स्वस्त आहे. दिव्याचा स्विच काढून त्या भोकात काट्याचा दाबमापक बसवायचा. दिव्याला फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढेच बोलता येते, काटा 'किती' ते सांगतो. थंड इंजिन मंद वेगात, गरम इंजिन मंद वेगात आणि गरम इंजिन वाढवलेल्या वेगात, असे तीन आकडे घ्यायचे. आकडे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे असले आणि दिवा तरीही लागत असला, तर दोष स्विचचा किंवा वायरीचा. आकडे खरेच कमी असले तर पुढची पावले कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे टाकावीत. आधी तेल आणि फिल्टर, मग चेंबर उतरवून जाळी आणि व्हॉल्व्ह, मग पंप आणि सर्वांत शेवटी बेअरिंगे. चेंबरच्या तळाशी पांढऱ्या किंवा तांबूस धातूची चमचमती पूड दिसली तर मात्र बेअरिंगांनी स्वतःच कबुली दिली असे समजावे. आणखी एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेल, फिल्टर आणि स्विच एकाच दिवशी बदलले आणि दिवा विझला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

हा दाबमापकही एका बिघाडाचेच अपत्य आहे. पॅरिसच्या युजेन बूर्दाँ यांच्या कारखान्यात नळीचे एक वेटोळे एका बाजूने चेपले गेले. ते सरळ करण्यासाठी त्यात दाबाने पाणी भरले, तेव्हा नळी फुगता फुगता उलगडू लागली. उलगडणाऱ्या नळीला काटा जोडला तर दाब मोजता येईल हे बूर्दाँ यांनी हेरले आणि १८४९ साली त्याचे पेटंट घेतले. साध्या गॅरेजात वापरल्या जाणाऱ्या काट्याच्या मापकात आजही तशीच वाकवलेली चपटी नळी असते. भोकाला हा मापक जोडणारा मेस्त्री नकळत तेच करीत असतो, जे टॉवरने लाकडी खुंटी बाहेर आल्यावर केले होते.

एक सोयीस्कर उपायही सर्वत्र प्रचलित आहे. अधिक घट्ट तेल घालायचे, म्हणजे दिवा विझतो. झिजलेल्या इंजिनाला काही काळ त्याने आधार मिळतो हे खरे. पण दाब म्हणजे पुरवठा नव्हे. बागेच्या पाइपात पुढे कचरा अडकला तर मागे दाब वाढतो आणि शेवटचा माड मात्र कोरडाच राहतो. जाळी तुंबलेली असताना घट्ट तेल घातले तर तिच्यातून ते आणखी कष्टाने ओढले जाते. कारण न शोधता दिवा विझवणे म्हणजे टॉवरने भोकात आणखी मोठी खुंटी ठोकण्यासारखे आहे.

शिक्षकांना वर्गात हे सहज दाखवता येईल. पाण्याच्या नळीला सुईने पाचसहा भोके पाडून उडणाऱ्या धारांची उंची मुलांना मोजायला सांगावी. मग एक भोक खिळ्याने मोठे करावे आणि उंची पुन्हा मोजावी. नंतर मुलांच्या नकळत कधी नळ थोडा बंद करावा, कधी आणखी एक भोक पाडावे. धारा खाली आल्या एवढेच पाहून कारण सांगता येत नाही हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल आणि कारण ओळखण्यासाठी काय काय तपासावे याची यादी ती स्वतःच करू लागतील.

आमच्या गाडीबद्दल सांगायचे तर तिच्या मालकाने आता काय करावे हे उघड आहे. रस्त्यात लाल दिवा लागला आणि विझला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे, मग तो दिवा खोटा असला तरी बेहत्तर. लागून विझला तर डिपस्टिक पाहावी, वहीत वेळ, वेग आणि वळण लिहावे आणि ती वही घेऊन मेस्त्रीकडे जावे. मेस्त्रीच्या दारात गाडी गप्प राहिली, तरी वही गप्प राहणार नाही.